दारातला फड्या

निवडुंग परसात लावला तेव्हा आई तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "काटं दारात लावत्यात व्हय रं? त्येची जागा बांधाला." मी म्हटलं, आई, याला काटे नाहीत, हात लावून बघ. तिने हात लावला नाही. तिच्या लेखी निवडुंग हद्दीवर राहणारा. शेताची हद्द, गावाची हद्द, मसणवट्याची हद्द. तुळशीपासून चार हातांवर त्याला आणून बसवणं तिला पटण्यासारखं नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं. याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. सह्याद्रीवर रिकामे झालेले ढग आमच्या माथ्यावरून नुसते पुढे जातात. तरी घरामागे न्हाणीच्या पाण्यावर आईने अळू धरला होता, दोन केळी होत्या, कढीपत्ता, मांडवावर दोडका. २०१९ च्या उन्हाळ्यात ते न्हाणीचं पाणीच आटलं. टँकर आला की घरटी दोन बॅरल. त्यात माणसं आणि दोन शेळ्या. भांडी विसळलेलं पाणी आई वाटीवाटीने केळीच्या बुडात ओतायची. मे महिन्यात केळी वाळल्या. अळूचा गड्डाही जमिनीत राहिला नाही. महिनाभर आम्ही हुलगे, मटकी आणि बेसनावर काढला. ताटात हिरवं काही नव्हतं.

त्याच मे महिन्यात फलटणकडे एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकून हात धुवायला मागे गेलो, तर पाहुण्यांच्या गोठ्यामागे हिरवागार फड्या निवडुंग उभा. आजूबाजूला सगळं करपलेलं आणि हा डोक्याइतका उंच, त्याचे पानासारखे चपटे फडे चांगले तळहाताएवढे जाड. अंगावर काटे नाहीत. पाहुणे म्हणाले, शेरडांना घालतो, कडब्याच्या कुट्टीत मिसळून. पाणी? ते हसले. "पाणी कुणी घालतंय त्याला?" फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकातच असे बिनकाट्याचे वाण आणून लावून पाहिले होते, आणि उरुळी कांचनला बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने चाऱ्यासाठी त्यावर बरंच काम केलं आहे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त तीन फडे मागितले आणि गोणपाटात गुंडाळून एसटीने घरी आणले.

ते तिन्ही फडे माझ्या हाताने कुजले. आणल्या संध्याकाळी, कापल्या जागी ओल असतानाच, मी ते केळीच्या जुन्या आळ्यात पुरले आणि वर तांब्याभर पाणी घातलं. टँकरचं पाणी. मला वाटलं, आपण त्याचे लाड करतोय. बारा दिवसांत बुडं काळी पडली, मग मऊ, मग वास. जुलैमध्ये पुन्हा फलटणला गेलो आणि यावेळी नीट विचारून आलो.

फडा किमान सहा महिन्यांचा, जून झालेला घ्यायचा. मूळ झाडापासून सांध्यावर कापायचा. मग सावलीत, वाऱ्यावर आठ ते पंधरा दिवस नुसता ठेवायचा. कापलेली जागा वाळते, तिच्यावर खपली धरते. माणसाच्या जखमेवर धरते तशीच. खपली धरल्याशिवाय मातीत घातला की मातीतली बुरशी त्या उघड्या तोंडातून आत शिरते. खड्ड्यात काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. मुरूम, वाळू आणि थोडं जुनं शेणखत बरं. फड्याचा तिसरा हिस्सा जमिनीत, उभा, सपाट बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन पुरतं मिळतं. आणि पाणी घालायचं नाही. दोन-तीन आठवड्यांनी मुळं धरली की मग एकदा, थोडं. हे शेवटचं पाळणं मला सगळ्यात जड गेलं. दुष्काळी भागातल्या माणसाला झाडाला पाणी घालणं हेच प्रेम वाटतं. त्याला पाणी न घालता रोज नुसतं बघत बसायचं, ही माया मला नवी होती.

ही दुसरी लागवड लावली तेव्हाचा आईचा तीन दिवसांचा अबोला मी वर सांगितला. तिसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी बसून म्हटलं, "आई, पुण्यातल्या निवडुंग्या विठोबाला तू वारीत गेलीयस ना?" गेली होती. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम नाना पेठेतल्या त्याच देवळात असतो. निवडुंगाच्या रानात मूर्ती सापडली म्हणून देवाला ते नाव पडलं, हे तिनेच मला लहानपणी सांगितलेलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी परसात जाऊन फड्याजवळ उभी राहिली आणि एका बोटाने त्याला चाचपून आली.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण तिच्यात जिवाचा धोका आहे. आपण मराठीत निवडुंग म्हणतो तो एक नाही. आपल्याकडे जुना आहे तो चिकाचा निवडुंग: वई निवडुंग, त्रिधारी. आयुर्वेदातली स्नुही ती हीच. त्याला खरचटलं की पांढरं दूध येतं, कातडीला ते पोळतं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टीवर बेततं. कुंपणाचा शेरही त्याच कुळातला. फड्याचं कुळच वेगळं. ते मूळचं अमेरिका खंडातलं. फिरंगी जहाजं तिकडे जाऊ लागल्यानंतर ते जगभर पसरलं. आपल्या लोकांनी त्याच्या चपट्या अंगात नागाचा फडा पाहिला, म्हणून तो फड्या निवडुंग, नागफणी. फड्याला टोचलं तर पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो, दूध कधीच येत नाही. दूध दिसलं की हात मागे घ्यायचा, आणि नुसतं काटेरी आहे म्हणून कुठलंही झाड चुलीवर चढवायचं नाही. कुंडीतल्या शोभेच्या निवडुंगांनाही हेच लागू.

तर फड्याने मुळं धरली. पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या वरच्या कडेला अंगठ्याएवढे कोंब फुटले. प्रत्येक कोंबावर छोटी छोटी हिरवी शिंगं असतात; खरं तर फड्याची पानं म्हणजे एवढीच. आपण ज्याला पान समजतो ते त्याचं खोड असतं, जाड, चपटं, पाणी साठवणारं. ती शिंगं पुढे गळून जातात. ती अंगावर असेपर्यंतच फडा कोवळा, भाजीचा. कोंब फुटल्यापासून तीन-चार आठवडे, तळहाताएवढा होईपर्यंत. त्यानंतर तो जनावरांचा.

पहिल्या वर्षी मी एकही तोडला नाही. फड्यावर फडा चढू दिला. दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या मोकळ्या सुटलेल्या शेळीने दोन फडे कुरतडले, तेव्हा काट्याचं काम काय असतं ते समजलं. कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक या वनस्पती-पैदासकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनकाट्याच्या फड्याचा मोठा बोलबाला केला होता; वाळवंटं चाऱ्याची कुरणं होतील असं त्याचं म्हणणं. पण काटे काढून घेतलेल्या झाडाला कुंपण तुम्हालाच घालावं लागतं. ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुंपण म्हणून लावलं, त्याच्याभोवती मी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. आई त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मनापासून हसली.

तिसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात आम्ही पहिली भाजी केली.

बिनकाट्याचा म्हटला तरी फड्याच्या अंगावर ठिपके ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांत केसाहून बारीक कुसळं. ती डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांत मात्र दोन दिवस बोलतात. म्हणून हाताने धरायचा नाही, चिमट्याने. बायकोने पहिला फडा जाळावर फिरवून घेतला, वांगं भाजतो तसा पण झटपट, कुसळं जळण्यापुरता. मग पाटावर आडवा धरून सुरीच्या पात्याने ठिपके खरवडले, कडा एक बोटभर कापून टाकल्या, धुतला. आत भोपळी मिरचीसारखा हिरवा, करकरीत. बारीक चौकोनी फोडी केल्या आणि तिथे भेंडीची आठवण झाली: तीच तार, तोच चिकटपणा. भेंडीच्या भाजीत मीठ शेवटी घालून आपण चिकटपणा चुकवतो. इथे उलटं केलं. फोडी मिठाच्या पाण्यात कांद्याची एक फाक टाकून दहा मिनिटं उकळल्या आणि पाणी ओतून दिलं. ते बुळबुळीत पाणी आईने वाया जाऊ दिलं नाही, शेळीच्या आंबोणात घातलं. मग तव्यावर तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, त्यावर फोडी, आणि उतरवताना शेंगदाण्याचं कूट. ज्वारीची भाकरी.

चव काय? घेवडा आणि कैरी यांच्या मधली. पहिला घास खाऊन सगळे आईकडे बघत होतो. ती सावकाश चावत म्हणाली, "अंबाडीगत हाय."

त्यानंतर भाजीचा ताबा तिनेच घेतला. आणि मी पुस्तकात वाचण्याआधी तिनेच ती गोष्ट शोधून काढली. एके दिवशी म्हणाली, "ह्ये बघ, सकाळी तोडला की भाजी आंबाट. दुपार कलल्यावर तोडला की न्हाई. झाड येकच." मला वाटलं मिरचीचा, चिंचेचा फरक असेल. तिने मला एकाच झाडाचे दोन तुकडे कच्चे चाखायला लावले, एक तांबडं फुटायच्या वेळी, एक चार वाजता. फरक सरळ जिभेला कळत होता.

मग मी शोधलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतात, आणि त्या उघड्या रंध्रांतून त्यांच्यातलं पाणी उन्हात उडून जातं. फड्या दिवसभर आपली सगळी रंध्रं मिटून बसतो. रात्री गारवा आला, हवा दमट झाली की उघडतो, वायू आत घेतो आणि त्याचं आम्ल करून साठवतो. सफरचंदात जे आम्ल असतं तेच. उजाडलं की दारं बंद, आणि मग दिवसभर आतल्या आत त्या साठवलेल्या आम्लातून वायू सोडवून उन्हाच्या जोरावर आपलं अन्न करतो. म्हणून पहाटे तो सगळ्यात आंबट. दिवस चढेल तसं आम्ल सरत जातं. आमच्या आईच्या जिभेला लागलेला आंबटपणा म्हणजे त्याने रात्रभर केलेला साठा होता. हे मी तिला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "आम्ही बी तसंच करायचो की," ती म्हणाली. "उन्हाळ्यात राती आडावर जायाचो. दिवसा पाणी नसायचं, राती पाझरून हांडाभर साचायचं."

मग तिच्या आठवणी निघू लागल्या. लहानपणी ओढ्याच्या कडेला रानफड्याची बोंडं ती खायची. लालभडक, वर बारीक कुसळांचा कोट. लिंबाच्या डहाळीने झोडायची, मातीत घोळायची, मग सोलायची. तोंड, हात, परकर सगळं लाल. लघवीलाही लाल व्हायचं तेव्हा एका मैत्रिणीने आता आपण मरणार म्हणून रडून घर डोक्यावर घेतलेलं. बिटाने होतं तसंच ते. रंगाची जात एकच. जास्त खाल्ली की पोट घट्ट धरायचं, कारण आत बिया फार. आणि फडे जाळून काटे उडवून जनावरांना घालायचे, हे तिच्या आजोबांनी सांगितलेलं, त्यांच्या काळातल्या एका दुष्काळाचं. १९७२ ला ती स्वतः खडी फोडायला गेली होती, सुकडी खाल्ली होती. तेव्हा फड्या का खाल्ला नाही, असं मी विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. "तवर वड्याचा फड्या गेला हुता. पांढरी कीड पडली हुती त्येच्यावर. कापसासारखी. चिरडली की लाल. आम्ही पोरी कुंकू म्हणून लावायचो."

त्या किडीची गोष्ट मला चटका लावून गेली. ती किरमिजी रंगाच्या किड्यांची जात. मेक्सिकोत फड्यावर हे किडे पाळून त्यांच्यापासून लाल रंग काढत, आणि स्पेनने तो व्यापार आपल्या मुठीत ठेवला होता. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आणले, पण जात चुकीची निघाली. रंग सुमार, फड्याच्या एका जातीचा मात्र त्याने फडशा पाडला. फड्याची दुसरी जात त्या किड्याला खाता येईना, ती दक्षिणेत रानोमाळ माजली, म्हणून १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसरा किडा मुद्दाम आणला. त्याने ते काम चोख केलं. शेतात घुसणारं रान हटलं, ते बरंच झालं असणार. पण तेव्हाच तिकडे मादागास्करच्या कोरड्या दक्षिण भागात १९२० च्या दशकात असाच किडा सोडला गेला. तिथली माणसं आणि त्यांची गुरं दुष्काळात फड्यावर तगायची. काही वर्षांत फड्या मेला, आणि मागोमाग गुरं मेली, माणसं मेली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कागदावर जे तण असतं तेच कुणाच्या तरी चुलीवर शिजत असतं, याची चौकशी आधी का होत नाही?

मेक्सिकोत हा प्रश्नच येत नाही. तिथे फड्या देशाच्या झेंड्यावर आहे, गरुड त्याच्यावरच बसलेला आहे. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता नावाचा भाग आहे, तिथे आपल्याकडच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांसारखी नोपालची, म्हणजे फड्याची, शेतं आहेत. बाजारात बायका टोपल्या घेऊन बसतात, गिऱ्हाईकासमोर कुसळं खरवडून देतात. अंड्यात घालतात, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर करतात, तव्यावर अख्खा भाजतात. अख्खा भाजलेला आम्हीही करून पाहिला: दोन्ही बाजूंनी चिरा पाडून, तेल-मीठ लावून, निखाऱ्यावर. वर ठेचा. माझ्या मते फड्याची सगळ्यात चांगली चव याच्यात, चिकटपणा जळून जातो आणि आंबटपणा राहतो.

लोक विचारतात, साखरेला चांगला ना? जेवणात फड्या असला तर जेवणानंतरची साखर कमी चढते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा, आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानेच, कारण त्यात ऑक्सलेट असतं. आमच्या घरात तो औषध म्हणून शिजत नाही. भाजी म्हणून शिजतो.

माझ्या मनातलं खरं दुखणं वेगळं आहे. आमच्या तालुक्यात जिथे कुठे कालव्याचं पाणी पोचलं, तिथे पहिल्या वर्षीच ऊस उभा राहिला. मी शेतकऱ्याला बोल लावत नाही, उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, फड्याला नाही. पण ज्या मातीने हुलगा, मटकी, बाजरी, करडई दिली, ज्या बांधावर फड्या उभा होता, त्या मातीला साजेशी भाजी आम्ही परसातही ठेवली नाही. केळीच्या बुडात वाटीवाटीने पाणी ओतणारा आईचा हात मला अजून दिसतो. त्या दोन केळींनी त्या उन्हाळ्यात जेवढं पाणी प्यालं आणि तरीही त्या गेल्या, तेवढ्यात माझा फड्या कित्येक वर्षं काढेल. गेल्या चैत्र-वैशाखात मी त्याला महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी घातलं, तेही कोवळे कोंब लवकर फुटावेत म्हणून. आठवड्याला एक भाजी निघाली. पाच माणसांच्या घरात, मे महिन्यात, दारची ताजी हिरवी भाजी.

यंदा त्याला पहिल्यांदा फुलं आली. कडेने ओळीत, पिवळी, मधमाशा आत लोळतात अशी. सिसिलीत शेतकरी पहिला बहर हाताने पाडतात म्हणे, म्हणजे झाड पुन्हा फुलतं आणि उशिरा येणारी फळं मोठी होतात. मी आईला विचारलं, पाडूया का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही.

परवा शेजारच्या वैनी आल्या होत्या. परसात उभ्या राहून म्हणाल्या, "मामी, मला बी द्या की येक पान, आमच्यात बी लावते." आईने चिमटा आणि विळी मागितली, जून फडा बघून सांध्यावर कापला, पेपरात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

"आत्ता लावू नगंस," ती म्हणाली. "आठ-पंधरा दिस सावलीला ठेव. खपली धरू दी. लावल्यावर बी पाणी घालू नगंस, मी सांगंस्तवर. मी यिऊन बघंन."